जुन्या एमजीच्या एसयू कार्ब्युरेटरचे एअर फिल्टर काढून नुसती जाळी लावली तर चालेल का?

तुमची गाडी एमजी टीडी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर, राहायला खारघर. फिल्टर काढून जाळीवाले भोंगे (कार्ब्युरेटरच्या तोंडाला लावायच्या पसरट नळ्या) लावले तर पॉवर वाढेल का, आणि फिल्टर लावायचाच झाला तर कुठला, असं तुम्ही विचारलंय. भोंगे लावू नका. फिल्टरचं खाली सांगतो.

वागळे इस्टेटला माझं इंजिन रिबोअरिंगचं काम आहे, म्हणजे झिजलेला बोअर, सिलिंडरची आतली भिंत, कापून पुन्हा सरळ करायचं. अशाच एका जाळीवरून माझ्या कामाला घरातच नावं ठेवली गेली, म्हणून जरा लांब लिहितोय.

माझ्या आतेभावाकडे १९५२ची टीडी आहे. तिचं १२५० सीसीचं एक्सपीएजी इंजिन मी स्वतः बोअर केलं, होनिंग केलं (ऑइल धरून राहावं म्हणून भिंतीवर बारीक तिरपे चरे पाडले), ओव्हरसाइझ पिस्टन आणि रिंगा एकाच सेटमधल्या घातल्या. रिंगा बसल्यावर गाडी ऑइल खात नव्हती. टीडीला मुळात ऑइल-बाथ एअर क्लीनर, म्हणजे धूळ तेलात अडकवणारा मोठा फिल्टर, येतो. ते धूड दादाला नको होतं. बॉनेट उघडलं की कार्ब्युरेटर दिसले पाहिजेत, असा त्याचा हट्ट. त्याने दोन चपटे गोल फिल्टर लावले, त्याला माझी हरकत नव्हती. मग मागचा फिल्टर फाटला. नवा येईपर्यंत म्हणून त्याने तिथे पितळी जाळी बसवली, हवा ओढण्याचा आवाज त्याला आवडला आणि जाळी तिथेच राहिली. मी तेव्हाच बोललो होतो. तो मोठा, त्याने ऐकलं नाही.

गाडी फिरायची घोडबंदर रोडला. मेट्रोचं काम, खडीचे डंपर, पावसाळा संपला की रस्त्यावरचा चिखल वाळून उडणारी धूळ. एक लिटर पेट्रोल जाळायला इंजिन साधारण ९,००० लिटर हवा ओढतं. ती सगळी ह्या धुळीतून. जाळीने धूळ अडवणं म्हणजे चहाच्या गाळणीने मैदा चाळणं. खडा अडेल, पान अडेल. बोअर खाते ती डोळ्याला न दिसणारी सिलिका, आणि ती जाळीतून सरळ आत जाते.

पुढे गाडी निळा धूर टाकायला लागली. भाचीच्या साखरपुड्यात, सगळ्या नातेवाइकांसमोर दादा म्हणाला, "ह्याने बोअरच वाकडा मारला." मी तिथे काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं, इंजिन माझ्याकडे आण, हेड तुझ्यासमोर उघडतो.

एक आणि दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये माझे होनिंगचे तिरपे चरे अजून दिसत होते. तीन आणि चार आरशासारखे गुळगुळीत, उभ्या बारीक रेघा आणि वरच्या टोकाला नख अडकेल एवढी कडा. ह्या इंजिनात एक-दोनला मिळून एक इनलेट आणि तीन-चारला मिळून दुसरा. पुढचा कार्ब्युरेटर पहिल्या जोडीला हवा देतो, मागचा दुसऱ्या जोडीला. बोअरिंगचं मशीन तेच, हात तोच, रिंगा त्याच सेटच्या, सम्पमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीतलं, ऑइल एकच. वेगळी होती फक्त हवा.

तरी त्याचं पालुपद चालूच, ऑइल खराब असेल. मी रिंगा काढून दाखवल्या. घाण ऑइलमधून आली तर खालची ऑइल रिंग आधी जाते. हवेतून आली तर वरची कॉम्प्रेशन रिंग आणि बोअरचा वरचा भाग झिजतो. तीन-चारच्या वरच्या रिंगा झिजून गॅप, म्हणजे रिंगेच्या दोन टोकांमधली फट, केवढीतरी वाढली होती, ऑइल रिंगा ठीक होत्या. ह्यावर तो गप्प झाला. पण साखरपुड्यात बोललेलं त्याने आजवर मागे घेतलेलं नाही. नातेवाइकांपैकी कोणी हे वाचत असेल तर आता कळलं असेल.

आता पॉवरचं. टीडीचं इंजिन ५४ हॉर्सपॉवरचं. स्वच्छ फिल्टरने त्यात जाणवण्यासारखं काही कमी होत नाही. कमी होतं ते कार्ब्युरेटरच्या तोंडाची कडा धारदार राहिली की. म्हणून फिल्टरच्या आत गोलाई दिलेला आखूड भोंगा बसवा, त्याचा खरा फायदा होतो. फिल्टर काढल्यावर मिक्श्चर थोडं लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि तेवढ्या फरकावर लोक 'गाडी मोकळी झाली' म्हणतात.

फिल्टर कागदी घ्या किंवा तेल लावलेल्या सुती जाळीचा. स्पंजचा नको. पेट्रोलच्या वाफेने आणि उष्णतेने तो काही वर्षांत भुगा होतो आणि तो भुगा इंजिन गिळतं. कार्ब्युरेटरमधून भडका उलटा आला तर पेटतोही. गॅस्केट लावताना कार्ब्युरेटरच्या तोंडाच्या फ्लँजवरची बारीक भोकं झाकली जाणार नाहीत हे बघा. त्यांतून कार्ब्युरेटरच्या आतल्या पिस्टनखाली हवा जाते (इंजिनाचा पिस्टन वेगळा), ती बंद झाली तर तो पिस्टन नीट उचलत नाही आणि लोक उगाच नीडल, म्हणजे पेट्रोलचं माप ठरवणारी सुई, बदलत बसतात.

हे सगळं मी बोअरच्या बाजूने सांगतोय. नीडल कुठली, मिक्श्चर किती, हे कार्ब्युरेटरवाल्याला विचारा; फिल्टर बदलला की ते पुन्हा बघावंच लागतं. एसयूऐवजी वेबर कंपनीचा कार्ब्युरेटर असेल तर जेटिंगचा, म्हणजे पेट्रोलच्या भोकांच्या मापांचा, हिशेब वेगळा. स्वच्छ ट्रॅकवरच्या शर्यतीपुरते उघडे भोंगे लावले तर मी अडवणार नाही. खारघरहून पाम बीच रोडला रविवारी चक्कर मारणारी गाडी मात्र त्यात मोडत नाही.

आणि पुढेमागे इंजिन उघडलंत तर जुन्या रिंगा फेकून देऊ नका. प्रत्येक वरची रिंग तिच्याच बोअरमध्ये सरळ बसवा आणि गॅपमध्ये फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. बोअरच्या दर इंच व्यासाला तीन-चार थाऊ (इंचाचे हजारावे भाग) चालतात. एकाच कार्ब्युरेटरच्या जोडीत गॅप वाढलेली असेल तर त्या बाजूचा फिल्टर तपासा. मशीनवाल्याला जाब त्यानंतर विचारा.