पहिल्याच फेरीत बाद

‘कौटुंबिक सहलीत खेळ सुरू झाले की थोड्याच वेळात कोणी रडते, कोणी रुसते आणि हौसेने काढलेल्या सहलीचा विचका होतो, सगळ्यांना एकत्र खेळवायचे तरी कसे?’ हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. तो घेऊन आलेल्या एका बाईंची हकीकत त्यांच्या संमतीने आणि ओळखीच्या खुणा बदलून येथे सांगते.

बाईंचा मुलगा आठ वर्षांचा. मागच्या सहलीत तो संगीत खुर्चीत बाद झाला, झाडामागे जाऊन बसला आणि घरी परतेपर्यंत कोणाशी बोलला नाही. ‘याला हार पचवायला शिकवा,’ अशी बाईंची मागणी होती. मी आधी खेळाचीच चौकशी केली. खेळायला 12 जण होते आणि सर्वांत आधी बाद झाला तो हाच. 12 जणांत विजेता ठरायला 11 फेऱ्या लागतात. म्हणजे पहिल्या फेरीत बाद झालेल्याने उरलेल्या 10 फेऱ्या इतरांची मजा बघत उभे राहायचे. ज्याला खेळण्याची गरज अधिक, त्यालाच हा खेळ आधी बाहेर काढतो. तेव्हा सगळे खापर मुलाच्या स्वभावावर फोडणे मला पटले नाही.

बाईंनी पिशवीतून वही काढली. तीत 14 खेळ क्रमाने लिहून प्रत्येकापुढे मिनिटे मांडलेली होती. (शाळेचे वेळापत्रकही इतके आखीव नसते, असे मनात आले, बोलले नाही.) आम्ही त्यांतले तीनच ठेवले, तेही कोणी बाद होणार नाही अशा बेताने.

संगीत खुर्चीतल्या खुर्च्या काढून मोठी सतरंजी घेतली. गाणे थांबले की सर्वांनी सतरंजीवर यायचे. प्रत्येक फेरीनंतर सतरंजीला एक घडी घालायची, माणूस मात्र एकही कमी करायचा नाही, आणि शेवटी एकमेकांना धरून, तोल सावरत सगळे मावतात का, एवढेच पाहायचे. दुसरा खेळ हातांच्या गाठीचा. आठ-दहा जणांनी गोल करून, शेजारच्यांना सोडून, दोन वेगवेगळ्या माणसांचे हात धरायचे आणि ते न सोडता, वाकून, ओलांडून गुंता सोडवायचा. हा गुंता दर वेळी सुटतोच असे नाही. अडलाच तर एक हात सोडण्याची मुभा आधीच द्यावी. गुडघेदुखीमुळे बसून राहणाऱ्या आजोबांसाठी कानगोष्टी ठेवल्या, कारण त्यांत वाक्य जितके बिघडेल तितकी गंमत वाढते. मोबाइलमध्ये डोके घालून बसणाऱ्या थोरल्या मुलीला ओढून आणू नका, गाणे लावण्या-थांबवण्याचे काम तिच्याकडे द्या, असेही मी सुचवले.

हार पचवण्याचा मुद्दा चुकीचा नव्हता. फक्त त्याचा सराव पंधरा नातेवाइकांसमोर नको. घरी फाशांचा एखादा छोटा डाव मांडावा, दर वेळी मुद्दाम हरू नये, आणि स्वतः हरल्यावर ‘मला वाईट वाटतंय, पण अजून एक डाव खेळू या’ असे मुलाला ऐकू जाईल असे म्हणावे.

महिन्याभराने बाई पुन्हा आल्या. सतरंजीच्या तिसऱ्या घडीला काकांचा तोल गेला, सगळेच कोलमडले आणि ‘पुन्हा एकदा!’ असे पहिल्यांदा मुलगाच ओरडला. दुपारी कोणीतरी रस्सीखेच काढली, त्याचा गट हरला आणि तो पुन्हा झाडामागे गेला. या वेळी मात्र दहा मिनिटांनी तो आपण होऊन परत आला आणि दोर गुंडाळू लागला.