चित्रपटात ऑपेराचा सर्वांत लक्षात राहणारा वापर कोणता?

हेलिकॉप्टर हल्ल्यावर वाजणारं ऑपेरा-संगीतकार वाग्नरचं संगीत (‘अपोकॅलिप्स नाऊ’, १९७९) सगळेच सांगतील. माझं मत मात्र ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ला (१९९४). कैदी अँडी तुरुंगाच्या ऑफिसला आतून कुलूप लावतो आणि मोझार्टच्या ‘मॅरेज ऑफ फिगारो’ची रेकॉर्ड लाउडस्पीकरवरून सगळ्यांना ऐकवतो. मैदानातले कैदी जागच्या जागी थबकतात, माना वर करून भोंग्यांकडे बघत राहतात. दाराच्या काचेपलीकडे वॉर्डन धमकावतोय आणि अँडी आवाज आणखी वाढवतो! रेकॉर्डवरच्या त्या दोघी गायिका काय गातायत हे अँडीचा कैदी मित्र रेड याला कळत नाही, कळून घ्यायचंही नसतं. (खरं तर काउंटेस आणि तिची दासी सुझाना काउंटला पेचात पकडायला चिठ्ठी लिहितायत.) गायिका गुंडुला यानोविट्झ आणि एडिथ माथिस, वाद्यवृंदाचं संचालन कार्ल बोमचं. पूर्ण ऑपेरा ऐकायचा असेल तर याच ध्वनिमुद्रणापासून सुरुवात करा.