पहिल्याच वर्षी विमानाने ये-जा?

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांची आहे, ओहायोतल्या कोलंबसला राहते. एका रिजनल एअरलाइनमध्ये फ्लाइट अटेंडंट म्हणून माझी निवड झाली आहे. ट्रेनिंगनंतर बेस, म्हणजे ड्यूटी जिथून सुरू होते तो विमानतळ, मिळणार न्यूयॉर्कचा लाग्वार्डिया. नवऱ्याची नोकरी कोलंबसलाच आहे. आम्हाला विमानप्रवास फुकट असतो, म्हणून घर न हलवता ये-जा करायचा विचार आहे. उड्डाण दीड-पावणेदोन तासांचं. शिवाय पुढच्या वर्षी आईबाबा भारतातून येतील, त्यांनाही माझ्या पासवर येता येईल म्हणतात. जमेल ना हे सगळं?

उत्तर : जमेल, पण पहिल्या वर्षी नको. मी १८ वर्षं हीच नोकरी करते आहे आणि त्यातली ११ वर्षं अशीच ये-जा केली आहे. म्हणून तुला हे अगदी कळकळीने सांगते.

आधी ‘फुकट’ या शब्दाचं बघू. तिकिटाला पैसे पडत नाहीत किंवा अगदी थोडे पडतात, हे खरं आहे. पण ती जागा तुझी नसते. तू स्टँडबायवर लिस्ट होतेस, आणि तिकीटवाले सगळे बसल्यावर जी खुर्ची उरेल ती रांगेत पुढे असलेल्याला मिळते. रांग कशी लागते ते प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. कुठे नोकरीला लागल्याची तारीख बघतात, कुठे चेक-इन कोणी आधी केलं ते. रिजनल कंपन्या मोठ्या कंपन्यांसाठी लहान विमानं उडवतात. त्यांतल्या एन्व्हॉय, पीएसए आणि पिडमाँट या अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या आहेत, एंडेव्हर डेल्टाची. स्कायवेस्ट आणि रिपब्लिक स्वतंत्र आहेत आणि एकाहून जास्त मोठ्या कंपन्यांसाठी उडतात. तुझी कंपनी यांपैकी कुठल्या प्रकारची आहे, आणि मोठ्या कंपनीच्या विमानात तुझा क्रमांक त्यांच्या स्वतःच्या माणसांच्या बरोबरीने लागतो की मागे, हे ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यातच विचारून घे.

रात्री फोनवर बारा जागा रिकाम्या दिसतात आणि आपण निश्चिंत झोपतो. पहाटे कळतं की आदल्या रात्रीचं शेवटचं विमान रद्द झालं आणि त्यातले सगळे प्रवासी आता या विमानात आहेत. म्हणून रात्रीच्या शेवटच्या विमानावर कधीही अवलंबून राहू नकोस. ते चुकलं की मागे काही उरत नाही. सकाळचं पहिलं विमान त्यातल्या त्यात भरवशाचं. त्याला एखाददुसरा प्रवासी झोपून राहतो, आणि ते हुकलं तरी दिवसभर पुढची विमानं असतात.

आणि रिकामी खुर्ची दिसली म्हणजे ती मिळेलच असंही नाही. माझ्या पहिल्या हिवाळ्यात ५० आसनांच्या विमानात ९ खुर्च्या रिकाम्या होत्या. मी गेटवर युनिफॉर्ममध्ये उभी, संध्याकाळपासून माझा रिझर्व्ह, म्हणजे बोलावलं की हजर व्हायची ड्यूटी, सुरू होणार होता, आणि गेट एजंटने मान हलवली. वजन. बेसच्या शहरावर ढग खाली आले होते. पोहोचायच्या वेळेच्या तासभर आधीपासून तासभर नंतरपर्यंत ढग २,००० फुटांच्या खाली किंवा दृश्यमानता ३ मैलांपेक्षा कमी राहील असा अंदाज असला, की पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याचं इंधन बरोबर घ्यावंच लागतं. ते जादा इंधन घेऊन उतरायचं तर विमान उतरताना जेवढं वजन चालतं त्याची मर्यादा आड येते, मग माणसं कमी करावी लागतात. सगळ्यांत आधी स्टँडबायवाले. लहान विमानात हे फार होतं. त्या संध्याकाळी मी ड्यूटीला पोहोचले नाही, प्रोबेशनवर, म्हणजे नोकरीच्या सुरुवातीच्या परीक्षाकाळात, असताना हजेरीत ठपका लागला, आणि पुढचे सहा महिने मी जीव मुठीत धरून काढले. प्रोबेशनमध्ये आपल्या बाजूने बोलायला युनियनलाही फारसा वाव नसतो.

पायलट मंडळी आरामात ये-जा करतात असं तू ऐकलं असशील. त्यांची गोष्ट वेगळी आहे. विमान भरलं तरी कॉकपिटमधली जादा जंपसीट, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठीची घडीची खुर्ची, त्यांना मागता येते, दुसऱ्या कंपनीच्या विमानातसुद्धा. आपल्याला ती मिळत नाही. आपली जंपसीट केबिनमध्ये, आणि ५० आसनांना एक, ७६ आसनांना दोन फ्लाइट अटेंडंट असलेल्या विमानात जादा खुर्ची असेलच असं नाही. त्यांच्यावरून आपला हिशेब करू नकोस.

आता रिझर्व्ह. नव्या मुलीला ठरलेलं वेळापत्रक मिळत नाही. फोन आला की दोनेक तासांत विमानतळावर हजर व्हायचं असतं. कोलंबसच्या घरात बसून ते होणारच नाही, म्हणजे रिझर्व्हचे सगळे दिवस न्यूयॉर्कमध्येच. सकाळी लवकर रिझर्व्ह सुरू होत असेल तर आदल्या दिवशी निघायचं, रात्री उशिरा संपला तर दुसऱ्या दिवशी परतायचं. समज, महिन्याला ११ सुट्ट्या आहेत आणि त्या तीन तुकड्यांत आल्या. प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोकं प्रवासात गेली तर घरी किती दिवस उरले ते नवऱ्याबरोबर कॅलेंडर घेऊन मांडा. मी हे आधी मांडलं नव्हतं. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती.

मुक्कामासाठी क्रॅशपॅड, म्हणजे विमान कर्मचाऱ्यांनी मिळून भाड्याने घेतलेली झोपायची जागा, घ्यावं लागेल. क्वीन्समधल्या क्यू गार्डन्स भागात विमानवाल्यांचे इतके क्रॅशपॅड आहेत की आपल्या नोकरीतले लोक त्याला ‘क्रू गार्डन्स’च म्हणतात. ‘हॉट बेड’ म्हणजे जो पलंग रिकामा असेल त्यावर आपली चादर टाकायची. ‘कोल्ड बेड’ म्हणजे पलंग फक्त तुझा. पैसे जास्त पडले तरी कोल्ड बेडच घे. आम्ही दोन खोल्यांत आठजणी होतो, पहाटे तीनला कोणाचा तरी गजर वाजायचा. जागा घेण्याआधी भाडं विचारशील तसं एका खोलीत किती जणी झोपतात तेही विचार.

झोपेचं मी एवढं का बोलते ते सांगते. १२ फेब्रुवारी २००९ ला कोलगन एअरचं ३४०७ हे उड्डाण बफेलोजवळ कोसळलं, ५० माणसं गेली. ते रिजनल विमान नेवार्कहून निघालं होतं. वैमानिकांचा बेसही नेवार्कच, पण कॅप्टनचं घर फ्लोरिडात होतं, आणि सहवैमानिक सिएटलहून रात्रभर प्रवास करून कामावर आली होती. कॅप्टनने स्टॉलच्या, म्हणजे वेग कमी पडून विमानाचा हवेतला आधार सुटण्याच्या, इशाऱ्याला उलटा प्रतिसाद दिला, हे चौकशीत कारण ठरलं. दोघंही बहुधा थकलेले होते, हेही त्या अहवालात आहे. नंतर २०१४ पासून वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले. आपल्याला, म्हणजे फ्लाइट अटेंडंटना, सलग १० तासांची विश्रांती मिळावी असा कायदा २०१८ साली झाला, पण एफएए या सरकारी विमान-नियामक संस्थेचा नियम यायला २०२२ उजाडलं. त्यासाठी आपल्या लोकांनी वर्षानुवर्षं भांडण केलं आहे. तरीही घरून बेसला येण्याचा प्रवास ड्यूटीत धरत नाहीत. ते १० तास तू गेटवर ताटकळत घालवलेस तरी कागदावर ती विश्रांतीच असते. विमानात धूर झाला तर दार उघडून माणसं बाहेर काढायची आहेत आपल्याला, हे लक्षात ठेव.

म्हणून माझं मत असं : प्रोबेशन संपेपर्यंत न्यूयॉर्कमध्ये राहा, सुट्टीत कोलंबसला जा. जाताना विमान चुकलं तर एक संध्याकाळ बुडेल. येताना चुकलं तर नोकरीवर येईल. येण्यासाठी दोन विमानं हाताशी असतील अशाच वेळी नीघ, आणि सणासुदीत, विशेषतः थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात, सरळ तिकीट काढ. तुमच्या करारात कम्युटर क्लॉज, म्हणजे विमानाने ये-जा करणाऱ्यांना सवलत देणारं कलम, आहे का ते वाच. बऱ्याच ठिकाणी जागा असलेल्या दोन विमानांवर लिस्ट होऊनही राहिलीस तर शिक्षा होत नाही, मात्र त्या दिवसाचा पगार बहुधा जातो. प्रोबेशनवाल्यांना तो लागू आहे का, ते मुद्दाम विचार. पुढेमागे सीनिऑरिटीवर कोलंबसजवळचा बेस मिळाला तर चित्रच बदलेल.

आता आईबाबा. अमेरिकी करकायद्यात कर्मचाऱ्याच्या आईवडिलांचा असा विमानप्रवास कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या प्रवासासारखाच धरतात, त्यामुळे त्यावर तुला कर पडत नाही. मित्रमैत्रिणींना दिलेल्या बडी पासचं तसं नसतं. त्याची किंमत तुझ्या उत्पन्नात मिळवली जाऊ शकते, आणि ते पास विकले तर नोकरी जाते. दुसऱ्या कंपन्यांच्या विमानांत झेड भाड्याचं, म्हणजे विमान कर्मचाऱ्यांसाठीच्या सवलतीच्या दराचं, स्टँडबाय तिकीट मिळतं, अंतराच्या टप्प्यांनुसार त्याचे दर असतात.

पण त्यांचं वय आणि तब्येत मला माहीत नाही, म्हणून दोन गोष्टी सांगते. येताना त्यांना युरोपमार्गे स्टँडबायवर पाठवू नकोस. फ्रँकफर्टला अडकले तर शेंगेन व्हिसाशिवाय (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) विमानतळाबाहेर हॉटेलवर जाता येत नाही, रात्र खुर्चीवर काढावी लागते. औषधं ठरल्यापेक्षा आठवडाभराची जास्त, आणि हातातल्या पिशवीत. दुसरं, इथे उतरल्यावर आय-९४ वर, म्हणजे अमेरिकेत प्रवेश केल्याच्या सरकारी नोंदीवर, परत जायची शेवटची तारीख कोणती पडली आहे ते त्याच दिवशी बघ. स्टँडबायवर परत पाठवायचं असेल तर त्या तारखेच्या निदान तीन आठवडे आधी सुरुवात कर. जागा मिळाली नाही हे कारण तिथे चालत नाही. तीन आठवड्यांत दोनदा गेटवरून परत यावं लागलं, तर तिसऱ्यांदा त्यांना रांगेत उभं करू नकोस, पक्कं तिकीट काढ.