‘एकदम सेफ वेबसाइट सांगा, पैसे भरते’

"मॅडम, एकच सांगा. मुलीसाठी एकदम सेफ अशी शिकायची वेबसाइट कुठली? पैसे भरायला तयार आहे मी." हा प्रश्न पालकांकडून वरचेवर येतो. या आईचा मात्र आवाज कापत होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

मुलगी साडेचार वर्षांची. आईबाबा नोकरीला, ती दिवसभर आजीजवळ. आईने आकडे शिकवणारी एक फुकटची वेबसाइट मोबाइलवर लावून दिली होती. एका दुपारी खेळता खेळता भलतंच पान उघडलं आणि त्यावर भेसूर चेहरा. तेव्हापासून पोरगी बाथरूमलाही एकटी जाईना. आजीला बोलणी बसली. त्यातच एका कंपनीचा माणूस घरी येऊन ऑनलाइन शिकवणीचं तीन वर्षांचं पॅकेज गळ्यात मारायला बघत होता. हप्त्याच्या कागदावर सही तेवढी बाकी होती.

मी म्हटलं, "तीच वेबसाइट उघडा. तुम्हाला वाचता येत नाही असं समजा आणि दाबत सुटा."

चौथ्या टिचकीला बाई वेबसाइटच्या बाहेर. हिरवं, लुकलुकणारं बटण होतं ती जाहिरात. खेळाचं खरं बटण खाली कोपऱ्यात, बारीक, राखाडी. त्या गप्प झाल्या. "मीसुद्धा तेच दाबलं की!"

मग पॅकेजचा नमुना उघडला. एकही धडा दाखवण्याआधी त्याने मुलीचं नाव, जन्मतारीख, शाळा, आईचा नंबर मागितला. मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची संमती हवी आणि त्यांचा माग काढून जाहिराती दाखवायच्या नाहीत, असं 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात लिहिलंय. इथे "मान्य आहे"च्या चौकटीत टिक आधीच करून ठेवलेली! पैसे मोजले म्हणजे सुरक्षितता विकत मिळाली, हा समज मला तरी फार महागडा वाटतो.

मी दोनच गोष्टी सुचवल्या. गोष्टींसाठी ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेची ‘स्टोरीवीव्हर’ ही वेबसाइट: मराठी चित्रकथा, फुकट. आणि खान अकॅडमी किड्स हे अ‍ॅप: दोन ते आठ वर्षांसाठी, जाहिराती नाहीत, पण ते इंग्रजीत आहे, म्हणून आई घरी असतानाच. एवढ्या लहान वयात दिवसाचा स्क्रीन एका तासाच्या आत ठेवा, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. मी तर त्याचाही अर्धाच सांगितला.

खरा वेळ गेला तो आजीत. पुढच्या खेपेला त्यांना बोलावलं. त्या खाल मानेने बसल्या. चूक बटण कुठे ठेवलं याची आहे, तुमची नाही, हे मी सुनेसमोरच सांगितलं. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "मोठी अक्षरं कशी करायची त्यात?" त्यांना शिकवायला दहा मिनिटं पुरली.

मुलीकडून मी तो भेसूर चेहरा कागदावर काढून घेतला. तिने त्याला मिशा काढल्या, मग टिकली, मग शेंबूड.

महिन्याभराने आईचा फोन आला. सही केली नाही. तो माणूस अजून फोन करतो. दुपारी आजी गोष्ट वाचते आणि शब्द चुकला की नात ओरडते. बाथरूमला एकटी जाते, पण दिवा बाहेरून आधी कुणीतरी लावायला लागतो.