फँटसी आणि अॅक्शन आरपीजी (एका पात्राची भूमिका घेऊन त्याला वाढवत न्यायच्या) गेमपैकी तुम्हाला सगळ्यात जास्त कोणते आवडले? नवख्याने कुठून सुरुवात करावी?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की आतापर्यंत मोबाइलवर गोळीबाराचेच गेम खेळलात, आता घरी जुना लॅपटॉप आलाय आणि तलवार, जादू, राक्षस असलेला एखादा मोठा गेम खेळायचाय. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. घरी कपाशी आणि तूर आहे. हे गेम मी बरीच वर्षं खेळतोय, आणि एवढ्या वर्षांत एक लक्षात आलंय की मला लढाईच्या आधी त्यातलं गाव दिसतं. विहीर कुठे आहे, लोक काय पेरतात, अंधार पडल्यावर दारं लावतात का. ज्या गेममधलं गाव मला पटलं, तोच मनात राहिला.

म्हणून माझा सगळ्यात आवडता गेम 'द विचर ३'. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीने तो मे २०१५ मध्ये आणला. आंद्झेय सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या कथांमधला गेराल्ट त्यात आहे. पैसे घेऊन राक्षस मारणं हा त्याचा धंदा. सुरुवातीच्याच व्हाइट ऑर्चर्ड भागात पाटीवर एक कागद लावलेला असतो. ओडोलान नावाच्या माणसाची मुलगी आजारी आहे, तिला चांगलं पाणी हवंय, आणि ते पाणी ओस पडलेल्या वस्तीतल्या विहिरीचं आहे. तिथे एक बाई दिसते, म्हणून कोणी जात नाही.

हे वाचलं आणि मी तसाच बसून राहिलो. माझी आजी उन्हाळ्यात रोज सांगायची, "भर बारा वाजता विहिरीवर नोको जाऊ बापू, तथी बाई उभी रायते." आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. दुपारी वावरात चिटपाखरू नसतं, आणि ऊन लागून माणूस दगावतो हे आम्ही पाहिलेलं आहे. गेममधल्या त्या भुताला इंग्रजीत 'नूनरेथ' म्हणतात. स्लाव्ह लोककथांमध्ये भर दुपारी शेतात येणारी, उन्हात राबणाऱ्यांना गाठणारी अशी बाई खरोखरच आहे, तिच्यावरून ते घेतलंय. पोलंडच्या गव्हाच्या शेतात आणि आमच्या कपाशीच्या वावरात लोकांनी एकाच उन्हाला एकच रूप दिलं, हे मला एका गेममुळे कळलं.

आणि ते काम नुसतं तलवार चालवून होत नाही. वस्तीत काय घडलं ते माग काढून शोधावं लागतं. विहिरीत त्या बाईचं प्रेत दोराला टांगलेलं असतं आणि खाली पाण्यात तिचं कडं सापडतं. दोन्ही जाळावी लागतात. लढताना जमिनीवर 'यर्डेन'चं जादूचं वर्तुळ काढायचं आणि तिला त्यात आणायचं. वर्तुळाबाहेर ती धुरासारखी असते, वार नीट लागत नाही. आधी ती कोण होती हे समजून घ्यायचं, मग हात उचलायचा.

पुढे वेलेन नावाचा मुलूख लागतो. लढाईने नासलेला, दलदलीचा, उपाशी. तिथल्या माणसांशी कामाच्या मोबदल्यावर घासाघीस करता येते, आणि समोरच्याची अवस्था बघून मी कितीदा तरी कमी पैशात काम घेतलं. वेलेनमध्ये एका सरदाराची गोष्ट आहे, ब्लडी बॅरनची. त्याच्या घरी एक मूल जन्माआधीच गेलं आणि नाव न ठेवता पुरलं गेलं. आता ते रात्री उठतं. त्याला मारता येतं. नाहीतर बापाने ते हातात उचलून न्यायचं, त्याला नाव द्यायचं आणि उंबरठ्याखाली पुरायचं. मी दुसरा मार्ग घेतला. पावसात तो धिप्पाड, दारुडा माणूस ते भेसूर पोर छातीशी धरून चालतो, तेव्हा मी कीबोर्डवरचा हात काढून घेतला होता. पुढचं सांगत नाही, तुम्ही स्वतः बघा.

पण जुन्या लॅपटॉपवर हा गेम चालणं कठीण, जागाही ५० जीबीच्या आसपास लागते. म्हणून तुमच्यासाठी सुरुवात 'स्कायरिम'ची. नोव्हेंबर २०११ मधला मूळ गेम घ्या, २०१६ ची स्पेशल एडिशन नको, ती जड आहे. मूळ गेमला किमान २ जीबी रॅम आणि ६ जीबी जागा लागते. मी तो सेलमध्ये घेतला, अमरावतीला मावसभावाच्या खोलीवर त्याच्या वायफायवर उतरवला आणि लॅपटॉप पिशवीत घालून एसटीने घरी आणला. एकदा नेटवर लॉगिन करून ठेवलं की स्टीम (जिथून गेम विकत घ्यायचा आणि चालवायचा ते अॅप) ऑफलाइन मोडमध्ये चालतं, गावात रेंज नसली तरी अडत नाही.

स्कायरिममध्ये जे कराल त्यातच तुम्ही वाढता. तलवार चालवली तर तलवार सुधारते, दबकत चालला तर दबकणं सुधारतं. रिव्हरवूड या पहिल्याच गावात लोहार हाताशी धरून खंजीर बनवायला शिकवतो. लाकडं फोडून आरागिरणीवर विकता येतात. शेतातली कोबी, बटाटे काढून शेतकऱ्यालाच दिले तर तो पैसे मोजतो. ड्रॅगन मोकाट सुटलेला असताना मी पहिले दोन दिवस लाकडं फोडली आणि बटाटे काढले, आणि फार आनंदात होतो. संध्याकाळी दुकानं बंद होतात, माणसं घरी जातात. माळावर राक्षसाएवढी माणसं मॅमथचे कळप चारतात. जवळ गेलात तर आधी सोटा उगारून बजावतात, लांबून गेलात तर काही करत नाहीत. गुराखी आणि त्याचं खिल्लार, बस. त्यांना मी कधी मारलं नाही.

एक कामाची गोष्ट. माझ्या लॅपटॉपची बॅटरी गेलेली होती, चार्जरवरच चालायचा, आणि लाइट कधी जाईल त्याचा नेम नसायचा. स्कायरिममध्ये एफ५ दाबलं की लगेच सेव्ह होतं. दर पाच मिनिटांनी दाबायची सवय लावा. विचरमध्ये लढाई चालू असताना सेव्ह होत नाही, तिथे लाइट गेली की लढाई पहिल्यापासून.

'डार्क सोल्स' मात्र आत्ताच घेऊ नका. त्यात मेलात की साठवलेलं, न खर्चलेलं चलन मेल्या जागी पडून राहतं. परत तिथवर पोचून उचलायचं, आणि वाटेत पुन्हा मेलात तर ते कायमचं गेलं. नकाशा नाही, कोणी नीट सांगत नाही. पण त्यातला एक क्षण मला कुठल्याच दुसऱ्या गेमने दिला नाही. किल्ल्याच्या चिंचोळ्या गल्ल्यांतून, शंभरदा मरून मी एका चर्चपर्यंत पोचलो. तिथे एक लिफ्ट होती, खाली जाणारी. उतरलो तर समोर फायरलिंक, जिथून निघालो होतो तीच शेकोटी! रात्री मोटार चालू करायला निघावं, अनोळखी धुऱ्याधुऱ्याने चालत राहावं आणि अचानक आपल्याच वावराच्या मागच्या अंगाला निघावं, तसं झालं. सगळा मुलूख एकमेकांत गुंतलेला आहे हे पायांनी कळतं.

त्याचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी लहानपणी इंग्रजी फँटसीची पुस्तकं वाचायचे. अर्धं समजायचं नाही, मग चित्रं बघून उरलेली गोष्ट ते मनाने रचायचे. त्यांनीच हे मुलाखतीत सांगितलंय. मला हे वाचून फार बरं वाटलं, कारण माझं इंग्रजी असंच, अर्धं समजणारं. विचरमध्ये मी डिक्शनरी उघडून बसायचो. डार्क सोल्समध्ये गरज पडली नाही, तो गेमच अर्ध्या समजलेल्या गोष्टीचा आहे. त्यांचाच २०२२ चा 'एल्डन रिंग' मी नागपूरला मित्राच्या कॉम्प्युटरवर खेळलो. बाहेर पडताच सोनेरी चिलखतातला घोडेस्वार उभा असतो. त्याच्याशी भिडू नका, वळसा घालून जा, तयारी झाली की परत या. मला तो परत यायला दीड आठवडा लागला.

आपल्याकडचा म्हणाल तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीचा 'राजी', २०२० चा. आरपीजी म्हणता येणार नाही आणि छोटाही आहे, पण दुर्गेचं त्रिशूळ हातात येतं तेव्हा वेगळंच वाटतं.

तर आधी स्कायरिम. सुरुवातीच्या हेल्गेन गावातून सुटलात की मोठ्या कामाच्या मागे लगेच धावू नका, रिव्हरवूडला जा आणि दोन दिवस तिथे राहा. पुढेमागे चांगला कॉम्प्युटर आला तर विचर घ्या आणि ओडोलानचं विहिरीचं काम सोडू नका. ते झाल्यावर तुम्हाला काय वाटलं ते मला इथे लिहा. तुमच्या गावच्या विहिरीवर कोणती गोष्ट सांगतात तेही लिहा, मी अशा गोष्टी जमवतोय.