ब्लॉक केलेली साइट उघडली म्हणून माझं नाव सरकारी यादीत गेलं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. साइट उघडायला गेलात तर पांढऱ्या पानावर 'दूरसंचार विभागाच्या आदेशावरून ही साइट बंद' असं आलं, मग दोन दिवसांनी लॅपटॉपवर पोलिसांचं बोधचिन्ह असलेलं पान येऊन दंड मागायला लागलं, आणि तेव्हापासून झोप नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, पॉपअपचं शेवटी सांगतो. मी एका तालुक्याच्या गावात केबल-इंटरनेटवाल्याकडे नऊ वर्षं नेटवर्क सांभाळलंय, त्यामुळे तुम्हाला दिसलेलं ते पांढरं पान लावणाऱ्यांपैकी मीच एक.

ते पान सरकार दाखवत नाही हो, तुमचा प्रोव्हायडर दाखवतो. आम्हाला मेल यायचा, सोबत साइटच्या नावांची यादी, आणि आम्ही ती नावं डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा) टाकून मोकळे. ती साइट कोणी कोणी उघडली हे त्या मेलमध्ये कधीच विचारलेलं नसायचं. पुष्कळ नावं सिनेमे आणि क्रिकेट फुकट दाखवणाऱ्या साइटची असतात, कोर्टाच्या आदेशाने बंद केलेली. बाकीची आयटी कायद्याच्या ६९अ कलमाखाली, म्हणजे सरकारला साइट बंद करायचा अधिकार देणाऱ्या कलमाखाली, आणि २००९ च्या नियमांनुसार त्या तक्रारी नि कारवाई गुप्त ठेवायची असते, म्हणून साइट का बंद केली हे तुम्हालाही कळत नाही आणि आम्हालाही कळायचं नाही. लोकांना शंका येते ती इथूनच, आणि त्यात लोकांची चूक नाही.

आता दिसतं काय ते सांगतो. साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवणारी, असेल तर प्रोव्हायडरला साइटचं नाव कळतं, आतलं पान नाही. म्हणजे तुम्ही यूट्यूबवर आहात हे कळेल, भजन ऐकताय का भांडण बघताय ते नाही. नाव दोन ठिकाणी फुटतं, एक डीएनएसला विचारताना आणि दुसरं कनेक्शन जोडतानाच्या पहिल्या निरोपात, तिथे ते साधारणपणे उघडंच जातं. म्हणूनच कधीकधी डीएनएस बदलूनही ब्लॉक उठत नाही.

आणि खरं सांगू का, पोलिसांना तुमच्या तारेत डोकवायची गरजच फारशी पडत नाही. ते पत्र पाठवतात. हा आयपी अ‍ॅड्रेस, ही तारीख, ही वेळ, कनेक्शन कोणाचं ते कळवा. आयपी म्हणजे इंटरनेटवर कनेक्शनला मिळणारा नंबर. पूर्वी सीआरपीसीच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, ९१ कलमाखाली यायचं, आता १ जुलै २०२४ पासून त्या जागी आलेल्या बीएनएसएसचं ९४. कंपन्यांना हा रेकॉर्ड आधी एक वर्ष ठेवावा लागायचा, डिसेंबर २०२१ पासून किमान दोन वर्षं. गोम अशी की आयपी कमी आणि गिऱ्हाइकं जास्त, म्हणून एकाच पब्लिक आयपीवर एका वेळी शे-दीडशे घरं बसवलेली असायची आणि पत्रात पोर्ट नंबर (एकाच आयपीवरची कनेक्शनं वेगळी ओळखायचा आकडा) नसला तर त्यातलं नेमकं घर सांगणं अशक्य. एका पत्रात तर वेळ जीएमटीतली होती, लिहिणाऱ्याने ते कुठे म्हटलंच नाही, आमच्या पोराने भारतीय वेळ समजून नाव काढून दिलं. साडेपाच तासांचा फरक! पोलीस गेले ते एका रिटायर्ड मास्तरांच्या घरी, ज्यांच्याकडे इंटरनेट फक्त नातवंडं आल्यावर चालू व्हायचं. दोन दिवस हेलपाटे घातले बिचाऱ्यांनी, नंतर चूक कळली. मला पाळतीपेक्षा या ढिसाळपणाची भीती जास्त वाटते.

पण म्हणून 'पाळत वगैरे काही नसते' असं म्हणणाऱ्यातला मी नाही. डिसेंबर २०१८ मध्ये गृहमंत्रालयाने दहा एजन्सींची नावं जाहीर करून त्यांना कुठल्याही कॉम्प्युटरमधली माहिती अडवायची, बघायची मुभा दिली होती. परवानगी गृहसचिवांची, म्हणजे न्यायाधीशाची सही कुठेच लागत नाही. तपासायला एक समिती आहे, तीही अधिकाऱ्यांचीच, दोन महिन्यांनी बसते, आणि न्या. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या अहवालात लिहिलंय की तिच्यापुढे एका बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश येतात. आता करा हिशोब, दिवसभर चहा न घेता बसले तरी एका आदेशाला दोन सेकंदही येत नाहीत.

आपल्या मुंबई हायकोर्टाने ऑक्टोबर २०१९ मध्ये एका व्यावसायिकाच्या फोन टॅपिंगचे आदेश रद्द केले, रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. लाचेच्या केसमध्ये ना सार्वजनिक आणीबाणी होती ना सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न, मग टॅपिंग कसं, हा मुद्दा. पण त्याला टॅपिंग कळलं कारण केस झाली. तुमच्याआमच्यावर केस नाही तर कोणी कधी कळवणारही नाही, तसा नियमच नाही. पेगाससचं, म्हणजे फोनमध्ये गुपचूप शिरणाऱ्या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचं, तेच. २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने जगभरातल्या सुमारे १,४०० लोकांना कळवलं म्हणून ते बाहेर आलं, त्यात नागपूरचे वकीलही होते. पुढे सुप्रीम कोर्टाच्या समितीने २९ फोन तपासले, पाचमध्ये मालवेअर मिळालं पण ते पेगाससच का हे ठरलं नाही, आणि सरकारने सहकार्य केलं नाही असं कोर्टातच सांगितलं गेलं. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांनी प्रायव्हसी मूलभूत हक्क म्हटलंय, ते आहेच, पण २०२३ च्या डेटा कायद्यात सरकारी संस्थांना सूट द्यायची वाटही ठेवलीय.

तर तुमच्यापुरतं. इन्कॉग्निटोने, म्हणजे ब्राउझरच्या खाजगी विंडोने, फक्त तुमच्या घरच्यांपासून लपतं, प्रोव्हायडरपासून काही नाही. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये सिक्युअर डीएनएस चालू करा, म्हणजे डीएनएसला विचारलेलं नाव झाकून जातं, दोन मिनिटांचं काम. व्हीपीएन (तुमचं सगळं इंटरनेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून झाकून नेणारी सेवा) घेतलात तर प्रोव्हायडरला दिसायचं ते सगळं तो व्हीपीएनवाला बघणार एवढं डोक्यात ठेवा, फुकटवाला तर नकोच. शिवाय एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) आदेशात व्हीपीएनवाल्यांना गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता पाच वर्षं ठेवायला सांगितलंय, म्हणून काही मोठ्या व्हीपीएन कंपन्यांनी इथले सर्व्हरच हलवले. आणि जिथे तिथे मोबाइल नंबर टाकून लॉगिन करायची सवय आधी सोडा, तुमचं नाव शोधायला त्याहून सोपी वाट कुठलीच नाही.

पॉपअपचं राहिलं. तो शुद्ध भामटेपणा आहे, पोलीस ब्राउझरमध्ये दंड मागत नाहीत. पान पूर्ण स्क्रीनभर येतं म्हणून लॅपटॉप लॉक झाल्यासारखं वाटतं, एस्केप दाबून धरा, नाहीच गेलं तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर मारा, आणि परत उघडताना जुने टॅब रिस्टोर करू नका. कार्डचा नंबर टाकलाय का तुम्ही? ते लिहिलं नाहीत. टाकला असेल तर हे वाचणं सोडून आधी बँकेला फोन करून कार्ड बंद करा आणि १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.