‘हाय ग्रेड’ म्हणजे उच्च प्रतीचा नव्हे

आर्वीकडच्या एका वाचकाचा प्रश्न : काकूंच्या स्तनातल्या गाठीच्या अहवालात ‘मेटाप्लास्टिक कार्सिनोमा (म्हणजे एक प्रकारचा कर्करोग), ग्रेड ३’ असं आलंय, गावात सगळे ‘तिसरी स्टेज हाये म्हणे’ म्हणतात, ग्रेडला मराठीत काय म्हणावं?

स्टेज तर मुळीच म्हणू नये. हा घोळ ऐकून ऐकून आता संताप येतो. रोग कुठवर पोचला, काखेतल्या गाठींत उतरला का, फुप्फुसात गेला का, हे स्टेज सांगते. ग्रेड सूक्ष्मदर्शकाखाली ठरते : पेशींचं नेहमीसारखं नळ्या बांधणं किती सुटलंय, केंद्रकं किती बेढब झालीत, विभाजन किती चाललंय. प्रत्येकाला १ ते ३ गुण. बेरीज ३ ते ५ आली तर ग्रेड १, ६-७ ला २, ८-९ ला ३. ग्रेड ३ ची गाठ पहिल्या स्टेजलाही सापडते. हे घरच्यांना आजच सांगा.

‘उच्च श्रेणीचा कर्करोग’ लिहिणारे भाषांतरकार तर त्याहून घातक. कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडरनं वरची ग्रेड दिली की भाव चढतो, हे आपला कास्तकार जाणतो. त्याला ‘हाय ग्रेड’ म्हणजे चांगलंच वाटणार!

आता मूळ बघा. लॅटिन ‘ग्रादुस’ म्हणजे पाऊल, पायरी. त्याच कुळातलं क्रियापद ‘ग्रादी’, म्हणजे चालणं. त्याला ‘अॅड’ हा उपसर्ग लागून ‘अॅग्रेदी’ झालं : अंगावर चालून जाणं. डॉक्टर ‘हाय ग्रेड आहे, अॅग्रेसिव्ह आहे’ म्हणतात तेव्हा एकाच धातूची दोन रूपं उच्चारतात. आणि आपल्याकडे? चाल म्हणजे चालण्याची ढब, आणि चाल करून जाणं म्हणजे हल्ला. लॅटिननं दोन शब्दांत विभागलेलं मराठीनं एकात ठेवलंय. म्हणून ग्रेडला ‘चाल’ म्हणा. कोशवाले ‘पायरी’ सुचवतील. मला ती साफ नामंजूर आहे. पायरी म्हटलं की पहिलीवरून दुसरी चढायची, म्हणजे पुन्हा स्टेजचाच घोटाळा. चाल हा गाठीचा स्वभाव.

मेटाप्लास्टिक, म्हणजे पेशींनी मूळ रूप पालटलेला, हा दुर्मीळ प्रकार त्याचा उत्तम पुरावा. स्तनाच्या कर्करोगांत तो शंभरात एकही भरत नाही. बहुतेकदा त्याची चाल दांडगी : पेशी त्वचेसारख्या, चातीसारख्या होतात, कधी गाठीत कूर्चा नि हाडही तयार होतं, आणि काखेत न थांबता रक्तावाटे फुप्फुस गाठण्याकडे त्याचा कल. पण याच नावाखाली मंद चालीचेही उपप्रकार आहेत. त्यातल्या एकाच्या पेशी इतक्या सौम्य दिसतात की जखमेचा वण वाटावा. तो जागच्या जागी उलटतो, दूर क्वचितच जातो.

तेव्हा, दादा, काकूंच्या गाठीची चाल तिसरी. स्टेजसाठी अहवालात टी (गाठ केवढी), एन (काखेतल्या गाठींत उतरला का), एम (दूर गेला का) ही अक्षरं शोधा. नसतील तर डॉक्टरांना तेवढंच विचारा.